पडेगावचा गप्प कॉम्प्युटर

मला आधी फक्त पंखा ऐकू आला.

“ताई, नीट ऐका,” समोरची मुलगी म्हणाली आणि तिनं घरचं रेकॉर्डिंग लावलेला फोन माझ्या कानाला आणखी घट्ट धरला. मी नीटच ऐकत होते. एसएमपीएसचा पंखा घरघरत होता. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा मागच्या बाजूचा पत्र्याचा डबा. त्याच्या पंख्यातलं तेल वाळलं होतं. जोडीला हार्ड डिस्कची कटकट. मी म्हटलं, डबा बदलावा लागेल, आणि डिस्कचंही वय झालंय.

“त्याच्या मागं ऐका ना,” ती म्हणाली. “आबा गातायत.”

मग ऐकू आलं. पिठाच्या गिरणीपलीकडून कुणी हाक मारावी, तसा एका वयस्कर माणसाचा आवाज. उंच, थोडा खरखरीत, सोबत पुसटशी ढोलकी. एखाददुसरा शब्द कळायचा आणि आवाज पुन्हा पंख्यात बुडायचा.

उस्मानपुऱ्यात माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे. तयार मशीन मी विकत नाही. गिऱ्हाइकाचं काम विचारते, बजेट विचारते आणि त्यात बसतील असे पार्ट निवडून मशीन बनवते. वीस वर्षं होऊन गेली, तरी नवं गिऱ्हाईक आत आलं की माझ्या खांद्यावरून मागं बघतं, सर कुठं आहेत म्हणून. सर घरी आहेत, आणि घरचा वायफाय बंद पडला की ते मलाच फोन करतात.

ही मुलगी मात्र थेट माझ्याशी बोलली, म्हणून ती मला लगेच आवडली. नाव प्रज्ञा. राहायला पडेगावला. दिवसा एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर बसायची, संध्याकाळी लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना आवाज साफ करून द्यायची. एक जुना पण चांगला माइक आणि तो कॉम्प्युटरला जोडायचं छोटं मशीन तिनं सेकंडहँड घेतलं होतं. तिचे वडील दादाराव गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीच्या दिवसांत बिडकीनपासून फर्दापूरपर्यंत विहारांसमोर त्यांचे कार्यक्रम व्हायचे. गाणी त्यांची स्वतःची. रचलेली, चाल लावलेली, आणि कुठंही न लिहिलेली. माझं माहेर बिडकीनचं. असे कार्यक्रम मी लहानपणी ऐकलेत, पण आमच्या आळीतून, लांबून.

दादारावांच्या घशात गाठ निघाली होती. पंधरवड्यानं ऑपरेशन होतं. गाठ निघेल, पण आवाज पहिल्यासारखा राहणार नाही, कदाचित नुसती कुजबुज उरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गायचं असेल तर आत्ताच आणि थोडं थोडं.

स्टुडिओत का नाही नेलं, मी विचारलं. नेलं होतं, ती म्हणाली. तासाचं भाडं भरलं, आबांना काचेच्या खोलीत बसवलं, आणि ते गायलेच नाहीत. कोंडल्यासारखं होतंय म्हणाले आणि उठून आले. आता घरीच रेकॉर्ड करायचं, पण घरचा कॉम्प्युटर हा असा. मी मान डोलावली. भाडं वाया गेलं एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

“चाळीस हजारांत गप्प बसणारा कॉम्प्युटर मिळंल का?” तिनं विचारलं.

आजवर लोकांनी माझ्याकडं वेगवान कॉम्प्युटर मागितला होता, स्वस्त मागितला होता, एकानं तर जावयाला शोभेल असा मागितला होता. गप्प बसणारा कुणी मागितला नव्हता. मी त्याच क्षणी हो म्हणून बसले. खरं सांगायचं तर मलाच बघायचं होतं, होतं का ते.

व्हिडिओ बघून तिनं एक यादी आणली होती. समोरून काच असलेलं कॅबिनेट, त्यात रंग बदलणारे सहा पंखे, आणि यादीत सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवायला ठेवलेला वेगळा कारागीर. गेम खेळणाऱ्याला तो लागतो. तो तापतो, म्हणून त्याला स्वतःचे दोन-तीन पंखे असतात.

“हे पहिलं काढ,” मी म्हटलं.

“सगळे म्हणतात त्याच्याशिवाय मशीन कमजोर पडतं.”

“सगळे गेम खेळतात. आबा खेळणार आहेत का?”

ती पहिल्यांदा हसली. कार्ड गेलं आणि निम्मं बजेट मोकळं झालं.

कॉम्प्युटरच्या आवाजाचं गणित तसं सोपं आहे. जे फिरतं ते वाजतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून तिच्या जागी एसएसडी. त्यात फिरणारं काही नाही, एका चिपवर सगळं साठतं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, मी असा निवडला की ज्याच्या पोटातच चित्रं दाखवायची सोय आहे आणि जो कमी वीज खातो. कमी वीज म्हणजे कमी ताप, कमी ताप म्हणजे कमी वारा. अगदीच बिनपंख्याचं मशीन आपल्याकडच्या मार्च-एप्रिलमध्ये टिकत नाही. पण छोटा पंखा जेवढा वारा भरभर फिरून देतो, तेवढाच मोठा पंखा रमतगमत देतो. म्हणून प्रोसेसरवर त्याच्या मानानं भलामोठा कूलर बसवायचं ठरवलं. मांजराच्या डोक्यावर फेटा बांधल्यासारखं दिसतं ते, पण वाजत नाही.

एसएमपीएसही गरजेपेक्षा मोठा. यावर प्रज्ञा अडली. तिनं प्रत्येक पार्टचं वॅटेज बघून हिशेब केला होता आणि तो बरोबर होता, यापेक्षा लहान डबा पुरला असता. मी तिला समजावलं की डब्याला त्याच्या ताकदीच्या मानानं हलकं काम दिलं की तो तापतच नाही, आणि चांगल्या प्रतीच्या डब्यातला पंखा तोवर फिरतसुद्धा नाही. ती म्हणाली, म्हणजे ताकद वापरायला नाही, न वापरायला विकत घ्यायची. मी म्हटलं, अगदी बरोबर.

पैसे संपत आले ते रॅमपाशी. रॅम म्हणजे काम करताना सामान पसरायचं टेबल. टेबल लहान असेल तर रेकॉर्डिंग अडखळतं. अलीकडं रॅमचे भाव असे चढलेत की गिऱ्हाईक मला विचारतं, ताई, हॉलमार्क आहे का. ती आम्ही पुरेशी घेतली आणि कॅबिनेटला कात्री लावली. माझ्याकडं मागच्या खोलीत, बंद पडलेल्या एका ऑफिसातून भंगारात घेतलेलं जुनं कॅबिनेट होतं. जाड पत्रा, काच नाही, रंग उडालेला. पण जाड पत्रा थरथरत नाही आणि आतला आवाज आतच ठेवतो. त्याच्या आत मी मोटारीच्या बॉनेटखाली लावतात तो फोम चिकटवला. ते बघून प्रज्ञाचा चेहरा पडला. नवा कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या माणसाला भंगारातला डबा दाखवला की कुणाचाही पडेल. मॉनिटर तिचा जुनाच वापरायचा होता.

मशीन तयार झाल्यावर माझ्या दुकानात त्याची परीक्षा घ्यायची पंचाईत झाली. उस्मानपुऱ्यात शांतता कुठून आणायची? मी भरदुपारी शटर अर्ध्यावर ओढलं, पंखा, एसी, सगळं बंद केलं आणि कॅबिनेटला कान लावून बसले. शेजारचे झेरॉक्सवाले वाकून बघून गेले. नंतर त्यांनी माझ्या मिस्टरांना फोन करून विचारलं म्हणे, मॅडमची तब्येत बरी आहे ना. एक बारीक किरकिर येत होती. कूलरच्या पंख्याची तारेची क्लिप पत्र्याला घासत होती. तिथं रबराचा तुकडा घातला. मग पुन्हा कान लावला आणि काहीच ऐकू आलं नाही. मशीन चालू आहे की नाही ते बघायला मला दिव्याकडं बघावं लागलं. मला इतका आनंद झाला की तो सांगायला मी झेरॉक्सवाल्यांकडंच गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मशीन घेऊन पडेगावला गेले. विहाराच्या गल्लीत प्रज्ञाचं घर. एक मोठी खोली, मागं स्वयंपाकघर, वर पत्रे. मशीन खोलीबाहेर ठेवता येईल का हेही मी पाहून घेतलं. बाहेर थेट गल्ली होती, आणि स्वयंपाकघरात गॅसशेजारी कॉम्प्युटर ठेवणं मला पटेना. दादाराव पलंगावर बसून बघत होते. उंच, काटक, गळ्याला रुमाल. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, ते त्यांना जमत नव्हतं.

“एवढा मोठा डबा, आन आवाज कसा नाय?” त्यांनी विचारलं. “बंद हाय का?”

चालू आहे म्हटलं. ते उठून आले आणि तळहात कॅबिनेटवर ठेवून उभे राहिले. मग लगेच हात मागं घेतला.

“मुंग्या यायल्यात,” ते म्हणाले.

त्याच वेळी प्रज्ञानं हेडफोन कानाला लावला होता आणि ती माझ्याकडं बघत होती. हेडफोनमध्ये घूं आवाज येत होता. पंख्यासारखा नाही. जाड, एकसुरी, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यावर येतो तसा. दुकानात तो नव्हता. मशीन तेच, माइक तोच, वायरी त्याच. मी पंखे एकेक करून बंद केले, घूं तसाच. माइक बदलून पाहिला, तसाच. मग मी कॅबिनेटला हाताची पालथी बाजू लावली. मलाही मुंग्या आल्या आणि हेडफोनमधला आवाज बदलला.

मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं. सॉकेट तीन भोकांचं होतं. तिसरं, वरचं मोठं भोक अर्थिंगचं. मशीनच्या पत्र्यावर साचणारा भटका करंट तिथून जमिनीत जातो, जायला हवा. मी बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी त्या भोकाला लावली. बल्ब पेटला नाही. सॉकेट उघडलं तर मागं दोनच वायरी. तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. आपल्याकडं किती घरांत हे असंच असतं, हे मोजायला लागले तर माझं दुकान बंद ठेवावं लागेल. फ्रीजला हात लावला की झटका बसतो, घरातली माणसं चप्पल घालून फ्रीज उघडायला शिकतात आणि त्यालाच वायरिंग म्हणतात.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. दाराशेजारी खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, मधे पाइप उभा केला, पाणी ओतलं आणि तिथून वायर आत आणली. मीठ-कोळशानं तिथली जमीन ओल धरते आणि करंट पटकन पोटात घेते. या खर्चासाठी मी कॅबिनेटचे पैसे सोडले, तसेही ते मागायला मला लाजच वाटत होती. दादाराव खुर्ची टाकून सगळं बघत होते.

“आपल्याला गोळ्या, मशिनीला मीठ-कोळसा,” ते म्हणाले. “तिचंच बरं चाललंय.”

वायर जोडली आणि घूं गेला. हेडफोनमध्ये नुसती खोली राहिली. प्रज्ञानं डोळे मिटून ऐकलं. मी एवढ्या समाधानानं घरी गेले की जेवताना मिस्टरांना सगळा अर्थिंगचा खड्डा सविस्तर ऐकवला.

खरी गंमत रेकॉर्डिंगच्या दिवशी झाली. मला आग्रहानं बोलावलं होतं. प्रज्ञानं तयारी अशी केली होती की मलाही तिचं कौतुक वाटलं. खिडकीला गोधडी, दाराला गोधडी. छताचा पंखा बंद. गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलेलं की तासभर कुकर लावू नका. पत्र्याखाली आम्ही उकडत होतो. दादाराव पांढरा शर्ट, वर काळं जाकीट घालून, केस नीट विंचरून माइकसमोर बसले, अगदी कार्यक्रमाला निघाल्यासारखे.

प्रज्ञानं हात वर केला. त्यांनी पहिली ओळ घेतली. वस्तीतली पहिली मुलगी शाळेला निघते, त्याचं ते गाणं. ‘पहिली पोर निघाली शाळंला, वाट सोडा रं, वाट सोडा.’ ओळ संपली आणि ते थांबले. खाकरले. पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच थांबले. तिसऱ्यांदा तर आवाजच फुटला नाही. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली बघत राहिले.

प्रज्ञानं हेडफोन काढला. तिला वाटलं, उशीर झाला, गाठीनं आवाज नेला. मलाही तेच वाटलं. पाणी आणते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मशीन बिघडलं की मी आधी विचारते, शेवटचं नीट कधी चाललं होतं? दुसरं काही सुचेना म्हणून मी दादारावांचीही तशीच चौकशी सुरू केली. दुखतंय का?

“दुखत नाय. येईना.”

“काहून? फोनवरचं गाणं मी ऐकलंय. त्यात तर आवाज मोकळा होता.”

“तवा दार उघडं व्हतं. समोर बाया बसल्या व्हत्या, पोरं व्हती. शेषराव व्हता ढोलकीला.” त्यांनी गोधड्या लावलेल्या खोलीकडं बघितलं. “एवढी शांतता मयताच्या घरात बी नसती. मी गाऊ कुणाला? ही तर कानाला डबे लावून भिताडाकडं बघायली.”

“गाणं तर तेच आहे ना, आबा?”

“आवं बाई, गाणं काय एकट्याचं असतंय व्हय? मी वळ टाकतो, समोरून ती परत येती. परत आली की पुढची उचलायची. परतच आली नाय तर पुढची कुठून आणू?”

काचेच्या खोलीतून उठून आले होते ते यामुळं. प्रज्ञानं हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि मी त्यातलं भाडं ऐकलं होतं. गप्प मशीनच्या नादात मी जगातली सगळ्यात महागडी गोष्ट, शांतता, काटकसर करून गोळा केली होती आणि ती नेमकी त्या माणसाच्या गळ्यावर बसली होती. मला हसूही येईना.

मी प्रज्ञाला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, दार उघड. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रागावली.

“मग हे सगळं कशाला केलं आपण? शेजारचा कुकरसुद्धा येईल त्याच्यात.”

“येऊ दे,” मी म्हटलं. हे म्हणताना मला काय झालं ते मलाच माहीत. रबराचा तुकडा घालून मी किरकिर घालवली होती.

ती जागची हलेना. शेवटी दादारावच उठले आणि त्यांनी दारावरची गोधडी स्वतः ओढून काढली. बाहेर गल्लीत बायका उभ्याच होत्या. कुकर न लावल्यामुळं त्यांनाही दुसरं काम नव्हतं. पोरं आत घुसली. शेषरावांना निरोप गेला. हे दादारावांचे जुने साथीदार, ढोलकीही वाजवायचे आणि कोरसलाही उभे राहायचे. ते बनियनवर शर्ट चढवत, ढोलकी काखेत घेऊन आले. छताचा पंखा प्रज्ञानं तेवढा चालू करू दिला नाही. एवढी एक गोष्ट तिनं राखली.

दादारावांनी लोकांवरून नजर फिरवली. कोण आलंय, कोण मागं बसलंय, सगळं बघून घेतलं. एका आजीला पुढं यायला सांगितलं. मग शेषरावांकडं बघून मान हलवली आणि तीच ओळ घेतली. पहिली पोर निघाली शाळंला, वाट सोडा रं.

“वाट सोडा!” अख्खी खोली बोलली.

आणि तो आवाज आला. फोनमध्ये लांबून ऐकलेला तो हा आवाज नव्हताच. शब्द कसा लोकांपुढं ठेवायचा, कुठं अडवून धरायचा, कुठं सोडून द्यायचा, हे त्या माणसाला असं ठाऊक होतं की मी मशीनकडं बघायचं विसरून गेले. प्रज्ञा मात्र पडद्यावरची आवाजाची उंची बघत, हळूहळू बटण फिरवत बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिचा हात रिकामा नव्हता.

ऑपरेशनपर्यंत जमेल तसं, रोज एखाददुसरं गाणं झालं. मी नंतर ऐकलं ते रेकॉर्डिंग. त्यात एक पोरगं रडतं. गल्लीतून दुधाची गाडी जाते. एका ठिकाणी चक्क कुकर आहे. माझं मशीन त्या गोंधळात इतकं गप्प होतं की त्याच्या जागी तो जुना घरघरता डबा असता तरी निम्म्या लोकांना कळलं नसतं. धंद्याच्या हिशेबानं बघायचं तर मी एका कुटुंबाला नको तिथं खर्चात घातलं होतं. ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं, गळ्यात नुसती कुजबुज उरली.

उन्हाळा संपता संपता प्रज्ञाचा फोन आला. एसएसडी भरत आली, अजून एक लावून द्या. मला आश्चर्य वाटलं. एवढं काय साठवलंस, असं विचारलं तर म्हणाली, येऊन बघा.

मी गेले तेव्हा दार लावलेलं होतं. आत दादाराव माइकच्या अगदी जवळ, ओठ टेकतील इतके जवळ बसले होते आणि कुजबुजत होते. सगळी गाणी रेकॉर्ड झाली नव्हती. जी राहिली होती त्यांचे शब्द ते सांगत होते, मांडीवर बोटांनी ताल देत होते, चाल कुठं चढते आणि कुठं उतरते ते हातानं दाखवून पुन्हा शब्दांत सांगत होते. मग प्रज्ञा ती ओळ गाऊन बघायची आणि ते चुका काढायचे. रोज असं चाललं होतं.

इथं मला थोडं तांत्रिक सांगायलाच हवं. मोकळ्या आवाजामागचा पंखा सॉफ्टवेअरनं बराचसा पुसता येतो, कारण सॉफ्टवेअरला सूर ओळखू येतो. कुजबुजीत सूरच नसतो. ती नुसती हवा असते आणि पंख्याचा आवाजही नुसती हवा असतो. एक पुसायला जावं तर दुसरंही पुसलं जातं. म्हणजे पुसायची वेळ येणार नाही असं मशीन असेल तरच हे काम होतं. तो मोठा कूलर, तो न फिरणारा पंखा, भंगारातलं ते जाड कॅबिनेट आणि दाराशेजारचा खड्डा, सगळं काही या कामाला लागत होतं. हे काम आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं निवडीचं श्रेय मी घेत नाही. घेतलं असतं, पण प्रज्ञा हे वाचणार आहे.

मी एसएसडी लावून दिली आणि कोपऱ्यात बसून राहिले. प्रज्ञानं शाळेला निघालेल्या पोरीचं ते गाणं घेतलं. रेकॉर्ड झालेलंच होतं, पण तिला ते स्वतः म्हणता यायला हवं, असा आबांचा हट्ट होता. तिचा आवाज गोड आहे. पहिली ओळ संपवून ती लगेच दुसरीवर गेली. दादारावांनी हात वर करून थांबवलं.

“हितं थांब,” ते कुजबुजले. “हितं लोक बोलत्यात. त्यांना बोलू दे, मग उचल.”

तिनं पुन्हा ओळ घेतली आणि त्या जागी थांबली. पडद्यावरची रेघ सपाट झाली. दादाराव त्या जागी मान हलवत होते, समोरून कुणी बोलतंय असं. खोलीत समोर असं मी सोडून कुणी नव्हतंच. रेकॉर्डिंग चालू होतं. मी त्या शांततेसाठी किती कष्ट घेतले होते ते मला चांगलं आठवत होतं, तरी मला राहवलं नाही.

“वाट सोडा,” मी म्हटलं. बेसूर, आणि जरा मोठ्यानं.

प्रज्ञानं पुढची ओळ उचलली. दादारावांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण मांडीवरचा ताल चुकू दिला नाही. ते माझं ओरडणं त्या फाइलमध्ये आहे आणि ते काढायचं नाही असं आबांनी सांगून ठेवलंय. मशीन गप्प ठेवायचं काम माझं होतं, ते मी केलं. मी गप्प बसेन असं काही आमचं ठरलं नव्हतं.